रजिस्टरातलं नाव

५ मार्च २०२५, बुधवार

भस्म बुधवार. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये लेडीज डब्यात आमच्या वसईच्या बायका कपाळावरून ओळखू येत होत्या. सहाच्या मिस्सेला जायचं, फादरांकडून राखेचा क्रूस लावून घ्यायचा आणि न पुसता तसंच स्टेशन गाठायचं. नायगाव सोडलं की खाडीवरच्या वाऱ्याने निम्मी राख उडते, तरी डाग राहतोच. माझं कपाळ कोरं होतं. समोरची मैत्रीण म्हणाली, "संध्याकाळच्या मिस्सेला जाणार वाटतं?" मी मान हलवली. तिने त्यातून हवं ते घ्यावं.

गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरी आणलेला झावळीचा विणलेला क्रूस वर्षभर येशूहृदयाच्या तसबिरीमागे खोचलेला असतो. उपवासकाळ जवळ आला की तो चर्चमध्ये परत द्यायचा. सगळ्या गावच्या वाळक्या झावळ्या एकत्र जाळायच्या आणि राख चाळून घ्यायची. लहानपणी हे चाळण्याचं काम आम्हा मुलींकडे असे. दुपारभर नाकातोंडात राख जायची. यंदा आमच्या घरचा क्रूस आईने स्वतः नेऊन दिला. मला सांगितलं नाही.

नियमाप्रमाणे आजचा उपास अठरा ते साठीच्या आतल्यांना. आई बहात्तरची. तिला सूट आहे, पण ती करते. मी नियमात बसते आणि दुपारी नेहमीसारखा सगळा डबा खाल्ला.

९ मार्च, रविवार

विश्वास नेमका कधी गेला? अजून कुणी विचारलेलं नाही, पण विचारतीलच. म्हणून इथे लिहून ठेवते.

२०१८ च्या उपवासकाळात चौथ्या रविवारचं प्रतिसाद स्तोत्र माझ्याकडे होतं. स्तोत्र १३७, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचं. चाल सुंदर होती. हातातल्या कागदावर ओव्या एक ते सहा. तयारी करताना घरी मूळ स्तोत्र काढलं तर ओव्या नऊ. पुढच्या तीन कुठे गेल्या म्हणून 'सुबोध बायबल' उघडलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडे घरचाच सत्कार असल्यासारखा आनंद झाला होता. नववी ओवी वाचली. बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणारा धन्य, असा तिचा अर्थ.

धक्का त्या ओवीचा बसला नाही. घरदार जळलेली माणसं असं बोलणारच. मला अडलं ते दुसरंच. कुणीतरी बसून या तीन ओव्या मिस्सेतून गाळल्या होत्या, आणि योग्य तेच केलं होतं. म्हणजे देवाचा शब्द कुठवर वाचायचा हे ठरवणारं काहीतरी देवाच्या शब्दाबाहेरही आहे. ती तर माणसाची सदसद्विवेकबुद्धी, आणि ती माझ्याकडेही थोडीफार आहे. स्तोत्र रविवारी मी गायलंच, सहा ओव्यांचं. लोकांनी कौतुक केलं.

पुढे कोविड आला. मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. मधल्या काळात आई मोबाइल मेणबत्तीशेजारी उभा करून मिस्सा बघायची, आम्ही मागे खुर्च्या मांडून. दारं उघडली तेव्हा गावातल्या बायका रडल्या. मला कळलं की मला कशाचीच उणीव भासली नव्हती. गाणं सोडून.

आणि २०२१ चा एप्रिल. मामांना ऑक्सिजनचा बेड मिळेना. त्या रात्री सगळं घर गुडघ्यांवर बसून माळ म्हणत होतं, मीही. पहाटे बेड मिळाला. ओळखीतला एक वॉर्डबॉय, त्याचा एक फोन. मामा वाचले, आजही ठणठणीत आहेत. सगळे म्हणाले, मारियेने ऐकलं. त्याच रात्री पलीकडच्या आळीतला एक तरुण बाप गेला. त्यांच्याही घरी माळ चालू होती. आमची थांबली की त्यांची ऐकू यायची. ज्या रात्री आमचं माणूस वाचलं त्या रात्री माझी प्रार्थना संपली. लोक उलटं धरतात, माणूस गेलं की देव जातो म्हणतात.

कुणी मला दुखावलं नाही. कुणा फादरांनी वावगं वागवलं नाही. देवावर रागही नाही. राग धरायला समोर कुणीतरी लागतं.

१९ मार्च, बुधवार

धाकटा जेवण झाल्यावर मागच्या पडवीत आला. बाळाचा बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी, २७ एप्रिलला ठरलाय. "ताई, धर्ममाता तूच."

"मला नाही जमणार."

"का? सुट्टी नाही?"

"रविवार आहे. सुट्टी आहे. विश्वास नाही."

तो हसला. "कुणाचा आहे? मी प्रवचनात क्रिकेटचा स्कोअर बघतो."

त्याला हे गंभीर वाटावं म्हणून मला काय करावं ते कळेना. धर्ममाता व्हायला काय लागतं ते त्यालाही ठाऊक आहे: सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं, कम्युनियन घेणारी, श्रद्धेला साजेसं जगणारी. पहिल्या दोन अटींत मी बसते. पण अटी राहू देत. बाप्तिस्म्याच्या कुंडाशी आईबाप आणि धर्ममातापिता यांना मोठ्याने विचारतात. सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का. दर प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, आणि ते प्रथमपुरुषी एकवचनात. पोराच्या आयुष्यातला पहिला कागद. त्यावर माझं नाव खोट्या साक्षीवर कशाला?

धाकटा म्हणाला, "एवढा विचार कुणी करत नाही गं."

मी म्हटलं, "फादर करतात. मी त्यांचं ऐकतेय."

मग तो गप्प झाला. जाताना म्हणाला, आईला तूच सांग.

२३ मार्च, रविवार

सांगितलं. आई राजेळी सोलत होती, सुकेळ्यांसाठी. हात थांबले नाहीत. सालं एका बाजूला, केळी परातीत. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझं मयत कुठे नेणार?"

मी चव्वेचाळीसची. लग्न केलं नाही. आजवर तिची काळजी होती की म्हातारपणी मला कोण बघणार. आज ती एकदम पुढच्या स्टेशनावर गेली.

"तेव्हा तू नसशील," मी म्हटलं.

"म्हणूनच विचारते."

३० मार्च, रविवार

आजचं शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं. सोडून गेलेल्यांसाठी आमच्याकडे ही गोष्ट तयारच असते. बापाचा पैसा उडवतो, डुकरांचं खाणं खायची वेळ येते, मग परत येतो आणि बाप धावत जाऊन मिठी मारतो. गोष्ट अप्रतिम आहे, माझा काही वाद नाही. पण पोट भरलेला, नोकरी नीट करणारा, रोज संध्याकाळी आईबापांच्याच घरी परतणारा मुलगा तिच्यात बसत नाही. त्याला गावभर सगळे बिचारा म्हणतात आणि उपाशी व्हायची वाट बघतात.

मिस्सेनंतर कॉयर सोडत असल्याचं सांगितलं. मास्तरांना वाटलं कुणाशी बिनसलं. गाणं हे एकच धरून ठेवावं असं मनात होतं खरं. पण आमच्या गाण्यांत 'आम्ही' नसतं, 'मी' असतं. मी तुझी, मी तुला शरण. भजन गाणाऱ्या नास्तिक गायकांची उदाहरणं मला माहीत आहेत. ते मैफलीत गातात, ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं. इथे माझ्यामागे तीनशे माणसं तोच शब्द खरा मानून म्हणतात.

कॉयर सोडल्याचा एक तोटा नंतर लक्षात आला. कॉयर वर माळ्यावर असतो. कम्युनियनला कोण उतरलं, कोण नाही, हे खालून दिसत नाही. गेलं वर्षभर मी त्या माळ्यावर सुखाने लपले होते.

५ एप्रिल, शनिवार

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. मराठीत आत येण्याच्या कहाण्या भरपूर. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय', पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक. सगळी प्रॉटेस्टंट वाट, आमची नव्हे. पण ख्रिस्ती घरांत ही पुस्तकं असतात आणि अभिमानाने असतात. बाहेर पडलेल्यांचं असं काही मला कधी कुणी वाचायला दिलं नाही.

पूर्वी वाचताना मी टिळकांच्या बाजूने असे. धर्म बदलायची हिंमत, १८९५ मधला मुंबईतला बाप्तिस्मा, तो सगळा झंझावात. या वेळी लक्ष लक्ष्मीबाईंवरच राहिलं. नवऱ्याने धर्म सोडला आणि मागे राहिलेल्या बाईला शेजारणी येऊन काय काय म्हणाल्या, तिने काय गिळलं, कुठे ती चक्क हसली. त्या पुढे काही वर्षांनी स्वतः ख्रिस्ती झाल्या, ती वेगळी गोष्ट. टिळकांच्या जागी स्वतःला बसवणं सोपं आहे. माझ्या घरात लक्ष्मीबाईंच्या जागी आई आहे.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांच्या मिरवणुकीनंतर फादरांना भेटले. मीच वेळ मागितली होती. वयस्कर आहेत, माझं दृढीकरण झालं तेव्हापासून ओळखतात. शांतपणे ऐकून घेतलं. मग मदर तेरेसांवर आले. मी त्याची वाटच बघत होते. मदर गेल्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रं पुस्तकरूपाने आली आणि जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना आत देव जाणवत नव्हता, नुसता अंधार होता. तरी त्या संत झाल्या. "तेव्हा रिकामं वाटणं म्हणजे विश्वास जाणं नव्हे," फादर म्हणाले.

मी म्हटलं, "फादर, मदरना ते नसणं सोसवत नव्हतं. त्यांच्या पत्रांत तळमळ आहे. मला तळमळ नाही. मला झोप छान लागते."

ते हसले. "हे मात्र अवघड आहे."

मग मी विचारलं, नाव काढून घ्यायची काही रीत आहे का. त्यांनी सांगितलं ते असं. १९८३ च्या धर्मसंहितेत विवाहाच्या तीन कलमांत 'औपचारिक कृतीने ख्रिस्तसभा सोडलेल्या' माणसाचा उल्लेख होता. ही कृती म्हणजे काय ते २००६ मध्ये रोमने स्पष्ट केलं: स्वेच्छेने, लेखी, बिशपांपुढे, मग बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात तशी नोंद. ऑक्टोबर २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तिन्ही कलमांतून तो उल्लेखच काढून टाकला. तेव्हापासून बाहेर पडायचा फॉर्म असा उरला नाही. जर्मनीत सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडता येतं, पण ते मुळात पगारातून कापल्या जाणाऱ्या चर्चच्या करासाठी. धर्माच्या हिशेबात बाप्तिस्मा पुसता येत नाही, तो दोनदा घेताही येत नाही.

"म्हणजे मी कायम आतच?"

"रजिस्टरात," ते म्हणाले, आणि कपाट उघडून रजिस्टर काढलं. मी मागितलं नव्हतं.

जाड पुठ्ठ्याची वही, कडा वाळवीने खाल्लेल्या, पाठीवर नवी कापडी पट्टी. आडव्या ओळीत जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप, धर्ममातापिता, फादरांची सही. आणि उजवीकडे रुंद समास. बाकीच्या ओळींपुढे समास भरलेले: दृढीकरण अमुक तारखेला, लग्न अमुक चर्चमध्ये, अमक्याशी. एका ओळीपुढे दीक्षेची नोंद, आमच्या आळीतला मुलगा फादर झाला त्याची. माझ्या ओळीपुढे दृढीकरण तेवढं. त्यापुढे मोकळी जागा. धर्ममाता म्हणून माझ्या मोठ्या आत्याचं नाव, तीही अविवाहित, आता गेलेली.

फादर म्हणाले, "इथे मी काही लिहिणार नाही. तू लिहून दिलंस तर तो कागद फाइलला ठेवीन."

बाहेर पडताना त्यांनी मला विणलेला क्रूस दिला नाही. सगळ्यांना देत होते. हे त्यांनी मुद्दाम केलं, आणि बरं केलं.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

जायचं नव्हतं. पप्पांचे गुडघे दुखतात, धाकटा बाळापाशी, म्हणून त्यांना धरून नेलं.

आजच्या दिवशी मिस्सा नसते. वेदी उघडी, कापड नाही, फुलं नाहीत. घंटेऐवजी लाकडी खटखटी. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या. त्या गेल्या की ते लुगडंही जाईल. दुःखसहनाचं वाचन तिघांनी मिळून केलं, त्यात निवेदकाचा भाग इतकी वर्षं माझ्याकडे असे. नव्या मुलीने चांगलं वाचलं, पिलाताच्या प्रश्नावर जरा घाई केली.

मग कम्युनियन. बाक एकेक करून उठतो. मी बसून राहिले आणि आतल्यांना वाट द्यायला गुडघे तिरपे घेतले. आमच्याकडे या रांगेत न उठणं सगळ्यांना दिसतं. माघारी येणारी प्रत्येक बाई हात जोडून, मान खाली घालून येते आणि बसता बसता एक नजर टाकते.

दारात एका शेजारणीने मनगट धरलं. मला लहानपणापासून बघितलेली बाई. कानाशी म्हणाली, "काही असलं तर फादरांना सांगून मोकळी हो. देव मोठा आहे. आणि तो माणूस लग्नाचा असेल तर सोड त्याला."

कुठला माणूस? मग समजलं. कम्युनियनला उठत नाही, म्हणजे मोठं पाप. चव्वेचाळीसची बिनलग्नाची, चर्चगेटला नोकरी, म्हणजे पाप कुठलं ते ठरलेलंच. गावाने मला एक प्रियकर देऊन टाकला होता.

हसू आलं, पण घरी आल्यावर बरंच काही उलगडलं. पाप गावाला समजतं. पापी माणूस आपलाच असतो, त्याच्यासाठी कन्फेशनची खिडकी आहे, रडणं आहे, परत येणं आहे. मी उद्या खरोखर एखाद्या लग्नाच्या माणसाबरोबर पळून गेले तरी मला गावात जागा राहील. वाईट का होईना, जागाच. पण जिला काहीच कबूल करायचं नाही तिला ठेवायचं कुठे? त्या बाईने माझ्यासाठी पाप शोधलं ते प्रेमानेच.

२१ एप्रिल, सोमवार

दुपारी ऑफिसात बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. काल ईस्टरला सज्जात आले होते, गाडीतून चौकात फिरलेही होते. संध्याकाळी घरी आले तर आई टीव्हीपुढे, पदर डोळ्यांना. मीही तिच्याशेजारी बसले. तो माणूस मला आवडायचा. आवडायला विश्वास लागत नाही.

पप्पा फारसे बोलत नाहीत. बागायत, पानवेल, विहिरीचं पाणी, एवढेच त्यांचे विषय. माझ्याबद्दल महिनाभरात एक शब्द काढला नव्हता. आज टीव्ही बंद झाल्यावर म्हणाले, "आपल्यातही कुणीतरी घरातला पहिला असेल ना, ख्रिस्ती झालेला. त्याच्या आईने काय केलं असेल?"

आई म्हणाली, "भलतंच काय!"

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. या दोनशे वर्षांत कधीतरी आमच्या कुणा पूर्वजाने आपल्या आईबापांचा धर्म सोडला. मनापासून, की जमिनीसाठी, की भीतीने, कुणी लिहून ठेवलेलं नाही. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसलं होतं आणि वसई त्याच्या अमलात होती, तेव्हा एकदा आत आलेल्याला मागे फिरायची सोय नव्हती. पण १७३९ नंतर होती. पोर्तुगीज निघून गेले आणि आमचे लोक राहिले, ख्रिस्ती म्हणूनच राहिले. पप्पांना याचा फार अभिमान. मलाही आहे. जबरदस्ती उठल्यावरही जे टिकवलं ते त्यांचं स्वतःचं होतं.

२७ एप्रिल, रविवार

बाप्तिस्मा झाला. धर्ममाता भावजयीची बहीण. तिचा आवाज खणखणीत, उत्तरं चर्चभर ऐकू गेली. पाणी डोक्यावर पडल्यावर पोराने जो टाहो फोडला त्यावर सगळे खूश. रडलं की सैतान गेला म्हणतात.

ईस्टरनंतरच्या रविवारी दरवर्षी संत थोमाचं शुभवर्तमान असतं, जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्याचं. धाकट्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. थोमावर इतकी प्रवचनं ऐकलीत, पण त्याच्यासमोर निदान 'हात पुढे कर' म्हणणारा कुणीतरी येऊन उभा राहिला होता.

जेवणाला फुगे, मटण, घरची वाइन. पाहुण्यांत कुजबुज होती, मी मुद्दाम वाढायला उभी राहिले. वाढणाऱ्या बाईला कुणी खोलात विचारत नाही. बाळ दुपारभर माझ्याच खांद्यावर झोपलं.

८ मे, गुरुवार

रात्री साडेनऊनंतर रोमला पांढरा धूर निघाला. इथल्या चॅनेलांवर जम्मूचं आकाश, ड्रोन, सायरन. आईने मोबाइलवर व्हॅटिकन लावला आणि टीव्हीवर युद्ध चालू ठेवलं, दोन्हीकडे बघत माळ म्हणत होती. नवे पोप अमेरिकेत जन्मलेले, लिओ चौदावे. "माझी एक माळ त्यांच्यासाठी, एक जवानांसाठी," ती म्हणाली. थोडं थांबून, "एक तुझ्यासाठी रोजच असते." मी थँक्यू म्हटलं. काय म्हणणार?

५ जून, गुरुवार

जनगणनेची तारीख जाहीर झाली, १ मार्च २०२७. धर्माच्या रकान्यात काय सांगायचं याचा विचार करायला भरपूर वेळ आहे. २०११ ला धर्म न सांगणाऱ्यांची संख्या २८ लाखांवर होती. स्वतःला नास्तिक म्हणवणारे सगळ्या देशात ३३ हजारांच्या आसपास, आणि त्यांत सर्वांत जास्त, साडेनऊ हजारांवर, आपल्या महाराष्ट्रातले.

मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा एक निकाल ऑफिसातल्या वकील मैत्रिणीने दाखवला. तिघा जणांना राजपत्रात आपला कुठलाही धर्म नाही अशी नोंद हवी होती. सरकारी मुद्रणालयाने नकार दिला होता. न्यायालयाने सांगितलं की कुठलाच धर्म न मानण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्येच आहे, आणि धर्म सांगायची सक्ती सरकारला करता येणार नाही. गंमत म्हणजे ते तिघे येशूला मानणारे होते, मानत नव्हते ते धर्म. माझं बरोबर उलटं. माझा धर्म शाबूत आहे. फुगे, झावळ्या, सण, सामवेदी बोली, लाल लुगडी, सगळं. मानणं तेवढं गेलं.

मैत्रीण म्हणाली, राजपत्रात टाकायचं का? मी नको म्हटलं. सरकारला माझ्याकडून या बाबतीत काही नको आहे, आणि मलाही सरकारकडून.

२ नोव्हेंबर, रविवार

मृतांचा दिवस. आठवडाभर आधी गावाने स्मशानभूमी साफ केली. क्रूसांना चुना लावला. संध्याकाळी फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत गेले. आमच्या कबरीत आजी-आजोबा, आत्या, एक काका. जागा थोडी, एकाच कबरीत पिढ्या जातात.

आईला मयताच्या प्रश्नाचं उत्तर देणं बाकी होतं. ते मी आज तिथेच दिलं. उघडपणे श्रद्धा सोडलेल्याला, पश्चात्तापाची काही खूण नसेल तर, चर्चचा अंत्यविधी नाकारता येतो. तसा नियम आहे. मला तो विधी नकोच, त्यामुळे फादरांवर नाकारायची वेळ यायची नाही. मी देहदानाचा फॉर्म भरायचं ठरवलंय. आई म्हणाली, "म्हणजे इथे नाहीच." नाही म्हटलं. तिने आत्याच्या बाजूला लावलेली मेणबत्ती वाऱ्याने विझली होती ती परत पेटवली आणि म्हणाली, "निदान नाव तरी लावतील ना क्रूसावर?" ते धाकट्यावर आहे, मी सांगितलं. त्याला हवं तर लावील, माझी हरकत नाही.

घरी येऊन फादरांना पत्र लिहिलं, फाइलला ठेवायचं ते. फार लांबवलं नाही. माझा देवावर विश्वास राहिलेला नाही आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. वाचकांच्या यादीतून माझं नाव कमी करावं. कुटुंबपत्रकात नाव ठेवायचं की नाही हा आईवडिलांचा प्रश्न आहे, त्यांना विचारावं. आजारपणात मी बेशुद्ध असले तर मला अभ्यंग देऊ नये. मात्र आईने आग्रह धरला तर तिच्या समाधानासाठी द्यावं, त्याला माझी ना नाही. स्मशानभूमीच्या देखभालीची आमच्या घरची वर्गणी मी भरते, ती पूर्वीप्रमाणे भरत राहीन. पावती पप्पांच्या नावाने करावी.

खाली तारीख आणि सही केली. उद्या ऑफिसला जाताना पत्र स्वतः नेऊन देणार.

पत्र दिलं. फादरांनी वाचून घडी घातली, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही दिली आणि वर्गणीची रक्कम यंदापासून वाढल्याचं सांगितलं. (सोमवार, ३ नोव्हेंबर.)